प्रत्येक पोत्यामागे एक मूठ

मंगळवारी दुपारी तिसऱ्या ट्रायलची प्लास्टिकची पट्टी मी नखाने खरवडली आणि तिचा पापुद्रा निघाला. कांद्याची साल निघावी तसा, सरळ, न तुटता. मी दुसरी पट्टी घेतली. तिचाही निघाला. मग चिडून मी सातआठ पट्ट्या हातानेच मोडल्या. बिस्किटासारख्या कटकन मोडल्या, आणि मोडल्या जागी आत थरावर थर दिसत होते.

"निघाला वाटतं," रोजेरियो दारातून म्हणाले. हे आमचे मालक. प्रयोगशाळेत कधी पूर्ण आत येत नाहीत. एक पाय बाहेर ठेवतात, बातमी वाईट असली तर लगेच सटकता यावं म्हणून.

"निघाला."

"मग आता?"

"आता बघते."

"बघते, बघते. वानिया, सहा आठवडे तू बघतेच आहेस. शुक्रवारी मासळीवाल्या इदालिनाबाई स्वतः येतायत पनीश बंदरावरून. आपल्या दाण्याचा क्रेट स्वतःच्या हाताने आपटून बघणार म्हणाल्या. टिकला तर ठीक. नाही टिकला तर अंगणातली सगळी जाळी मी पुरायला पाठवतो, आणि तू..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाहेरचा पाय आधीच वळला होता. पुरं करायची गरजही नव्हती. माझं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. जाळ्यांचं काम जमलं तर कायम, नाही जमलं तर घरी, हे त्यांनी मला कामावर घेतानाच कॉफी ढवळत हसत हसत सांगितलं होतं. घरी म्हणजे आईच्या शिवणाच्या दुकानावरची खोली. चौतीस वर्षांची इंजिनीअर मुलगी परत आली म्हणून आईला आनंदच झाला असता, आणि तो आनंद बघायची माझी अजिबात तयारी नव्हती.

आमचा कारखाना पोर्तुगालमधल्या मारिन्या ग्रांदमध्ये, साच्यांच्या वर्कशॉपांच्या रांगेत अगदी शेवटचा. प्लास्टिक वितळवायचं, त्यात हवं ते मिसळायचं आणि त्याचा दाणा करून विकायचा, हा धंदा. जुन्या मासेमारीच्या जाळ्यांचा दाणा करायची कल्पना माझी. जाळं असतं नायलॉनचं आणि त्याला ओवलेले दोर पॉलिप्रॉपिलीनचे. ते वेगळे करत बसलं तर जन्म जाईल, म्हणून दोन्ही एकत्रच वितळवायचं. अडचण एवढीच की ही दोन प्लास्टिकं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. वितळलेली असताना कितीही घुसळा, थंड झाली की हा इकडे आणि ती तिकडे. म्हणून तिसरं एक लागतं. तेही पॉलिप्रॉपिलीनच, पण त्याच्या अंगावर जागोजागी एक आकडा बसवलेला. यंत्राच्या फिरत्या गरम स्क्रूमध्ये हा आकडा नायलॉनचं टोक पकडतो आणि तिथल्या तिथे, मिनिटभरात, पक्की गाठ बसते. अंग एका घरचं, हात दुसऱ्याच्या हातात. मग दोघांना सुटता येत नाही.

कारखान्यात या तिसऱ्याला सगळे पाद्री म्हणत, लग्न लावतो म्हणून. "आज पाद्री किती?" "पाच टक्के." "गरिबाघरचं लग्न दिसतंय." नाव ठेवलं होतं आर्मिंदोकाकांनी.

आर्मिंदोकाका हॉपरवरचे. चौसष्ट वर्षांचे, नाझारेचे, मानेवर उन्हाने पडलेल्या जाळीदार सुरकुत्या. आमचा एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून घुसळणारं यंत्र, बसएवढा लांब आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी माळा. अकरा पायऱ्यांच्या शिडीने वर जायचं, तिथून हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या नरसाळ्यात, पोती रिकामी करायची. हा माळा काकांचा. ते वर असताना कुणी चढायचं नाही, हा नियम माझ्या येण्याच्या आधीपासूनचा. मालकसुद्धा खालूनच हाका मारायचे. मी मिश्रणाचं पत्रक खाली फळ्याला टाचायची, काका चष्मा लावून ते ओठ हलवत वाचायचे आणि वर जायचे. एवढाच आमचा व्यवहार. बाकी मला ते पोरी म्हणत, कॅन्टीनमध्ये स्वतःच्या ताटातला भाजलेल्या मिरचीचा तुकडा माझ्या ताटात टाकत आणि "खा, डोकं चालेल," म्हणत.

आता मला खरं काय खात होतं ते सांगते. प्रयोगशाळेत, माझ्या छोट्या यंत्रावर, हेच मिश्रण उत्तम जमत होतं. तीच जाळी, तेच दोर, तोच पाद्री. पट्टी वाकायची, पांढरी पडायची, पण मोडायची नाही आणि नख तर लागायचंच नाही. मोठ्या यंत्रावर गेलं की सगळ्यावर पाणी. पहिल्या ट्रायलला पाद्री पाच टक्के टाकला. पापुद्रे. दुसरीला सात केला. जास्त पापुद्रे. तिसरीला नऊ. त्याहून वाईट. लग्न लावणारे वाढवले आणि काडीमोड वाढले. हे कुठल्या पुस्तकात बसत नाही. हे बसत नाही म्हणून मला झोप नव्हती, जेवण नव्हतं, आणि दिवसभर मी यंत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. मोल्डिंगवाला मला बघून म्हणाला, "इंजिनीअरबाई, जमिनीला खड्डा पडेल."

नायलॉनला ओल चालत नाही, म्हणून मी ड्रायरच्या मागे लागले होते. ड्रायर उघडला, आतली ओल शोषणारी खडी बदलली, समुद्रावरून धुकं आलं की खिडक्या लावून घेतल्या. मग तापमानाच्या मागे लागले. मग स्क्रूच्या वेगाच्या. प्रत्येक वेळी वाटायचं, हेच ते. प्रत्येक वेळी पापुद्रा.

बुधवारी दुसरं काही सुचेना म्हणून मी पट्ट्या जाळल्या. भट्टीत छोट्या चिनी मातीच्या वाट्यांतून. प्लास्टिक जळून जातं आणि उरतं ते प्लास्टिक नसलेलं. प्रयोगशाळेतल्या पट्टीची राख चिमूटभर, करडी. ती समुद्राची वाळू, जाळी धुतली तरी थोडी राहतेच. यंत्रावरच्या पट्टीची राख मात्र पांढरी. पहिल्या ट्रायलची थोडी, दुसरीची जास्त, तिसरीची त्याहून जास्त. मी ती बोटात चोळली. वाळू कचकचते. ही कचकचत नव्हती, चुन्यासारखी मऊ होती. कॅन्टीनमधून व्हिनेगरची बाटली उचलून आणली आणि एक थेंब टाकला. फसफसली.

चुना! माझ्या पत्रकात चुना नव्हता, खडू नव्हता, त्यातलं काहीच नव्हतं. शिंपल्यांचे तुकडे म्हणावं तर ते प्रयोगशाळेतही आले असते. आधीच्या मालाचं काही यंत्रात राहिलं असेल म्हणून सफाईची वही बघितली. आधीचा माल काळा, बिनखडूचा. मी कुणाला काही बोलले नाही. बोलायला होतं काय? कुणीतरी माझ्या मिश्रणात काहीतरी घालतंय, असं म्हटलं असतं तर मालकांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, विश्रांतीसाठी.

गुरुवारी सकाळी दहाच्या कॉफीला आम्ही यंत्राशेजारी उभे होतो. काकांनी डब्याचं झाकण उचकटायला खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. किल्ल्या पांढऱ्या होत्या. पिठात घोळवल्यासारख्या. त्यांनी त्या मांडीवर झटकल्या, अगदी सहज, रोज झटकतात तशा. त्यांच्या निळ्या कोटाच्या उजव्या खिशाचं तोंड पांढरं होतं, आणि ते तसं मी पहिल्या दिवसापासून बघत आले होते.

मी कप ठेवला आणि सरळ भांडारात गेले. मागच्या कोपऱ्यात स्टिअरेटचं पोतं उघडं होतं. पांढरी, साबणासारखी बुळबुळीत भुकटी. आमच्या दुसऱ्या एका मालात लागते, प्लास्टिक सुळकन सरकावं म्हणून. तिच्यात चुन्याचाच अंश असतो. पोत्याच्या तोंडाशी हाताच्या आकाराचा खड्डा होता.

जाळ्यांचा माल घेऊन यंत्र सुरू झालं तसं मी शिडी चढले. अकराच्या अकरा पायऱ्या, आयुष्यात पहिल्यांदा.

काका पाठमोरे होते. त्यांनी एक पोतं हॉपरमध्ये रिकामं केलं. उजवा हात खिशात गेला, मूठ भरून बाहेर आला. मग हॉपरवर आधी वर, मग खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे, असा क्रूस करत त्यांनी ती भुकटी सोडली.

"काका!"

ते दचकले. "अगं ए! तुला कुणी चढायला सांगितलं? पाय सटकला तर? उतर आधी."

"काय टाकलंत?"

"कुठे काय?"

"हातातून. आत्ता."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, जसा काही तो शेजाऱ्याचा असावा. "ही? ही भुकटी गं. हे काय टाकणं झालं?"

"पत्रकात आहे का ती?"

"पत्रकात कशाला? सूपमध्ये मीठ घालतात ते कुणी लिहून ठेवतं का? एकोणतीस वर्षं टाकतोय. चिरलेल्या जाळ्याचा हा कापूस खाली उतरत नाही, नरड्यात अडकून बसतो. ही टाकली की कसा जातो बघ. यंत्रालाही बरं असतं."

"किती टाकता?"

"प्रत्येक पोत्यामागे एक मूठ."

"तिन्ही ट्रायलना?"

ते हसले. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? पहिल्या वेळी एक. ती फसली, तुझं तोंड एवढंसं झालं, म्हणून दुसऱ्या वेळी दोन. परवा तीन टाकल्या. म्हटलं, पोरीचं काम आहे, हात आखडता घ्यायचा नाही."

माझं डोकं फिरलं. मी कठड्यावरचं लाल बटण दाबलं आणि ओरडायला लागले.

"अहो, तीच तर लग्न मोडतेय! पाद्रीचा हात नायलॉनच्या हातात जायचा असतो. तुमची ही भुकटी मधल्यामध्ये तो हात धरून बसते! मी पाद्री वाढवते, तुम्ही मूठ वाढवता, मी वाढवते, तुम्ही वाढवता! सहा आठवडे मातीत घातलेत माझे! इथे वर एकटे राजे होऊन बसता, कुणाला चढू देत नाही, आणि मनाला येईल ते आत लोटता. हा हॉपर आहे, तुमच्या बायकोचं पातेलं नाही!"

बटण दाबल्यावर यंत्र थांबायला थोडा वेळ लागतो. माझी शेवटची दोन वाक्यं पूर्ण शांततेत गेली. खाली सगळे वर बघत होते.

काकांनी हात कोटाला पुसला. शिडीवरून उतरताना ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होते, त्या दिवशी ते मला पहिल्यांदा म्हातारे दिसले. कोट न काढताच डबा घेऊन ते फाटकाबाहेर गेले.

मालक धावत आले. "काय झालं?"

"सापडलं," मी म्हणाले.

आनंद व्हायला हवा होता. सहा आठवडे मी या एका शब्दासाठी जीव टांगणीला लावला होता. पण माझं लक्ष फाटकाकडे होतं. मी काय सापडलं ते सांगितलं, तसे रोजेरियो एकदम खुलले.

"म्हणजे आर्मिंदो! मग सोपंच झालं की. लिहून दे कागदावर, नावानिशी. उद्या क्रेट टिकला तर इदालिनाबाईंना सांगू, चूक हॉपरवरच्या माणसाची होती, मिश्रणाची नव्हती. तूही सुटलीस."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मी यंत्र साफ करून घेतलं आणि जेवणानंतर स्वतः वर चढले, भुकटीशिवाय माल काढून बघायला. पहिली चार मिनिटं ठीक गेली. मग कापूस हॉपरच्या नरड्यात कमान बांधून बसला. खाली स्क्रू उपाशी फिरत होता. मी काठी घातली, कमान कोसळली, एकदम जास्त माल गेला, खाली यंत्रातून निघणारे प्लास्टिकचे धागे तुटले. पुन्हा चार मिनिटं. पुन्हा कमान. तासाभरात माझे खांदे गेले आणि जो दाणा आला तो कुठे जाड, कुठे बारीक, काही ठिकाणी करपलेला. भुकटी उगाच टाकत नव्हते काका. आणि भुकटीशिवाय कापूस उतरवायचा तर कमान धरण्याआधी ओळखणारा हात हवा, तो या गावात एकाच माणसाचा होता.

खोटं बोलणार नाही, मला पश्चात्तापाच्या आधी गरज कळली. गाडी काढून नाझारेला निघाले तेव्हा चार वाजले होते. जळलेल्या पाइनच्या जंगलातून रस्ता सरळ जातो, आणि त्या सरळ रस्त्यावर मी माफीची सात वाक्यं जुळवली आणि सातही मोडली.

काकांची बायको देओलिंदा दारात स्टुलावर बसून जाळं दुरुस्त करत होती. ती अजून गल्लीतल्या कोळ्यांची जाळी दुरुस्तीला घेते. तिने मान वर केली नाही.

"आलीस? ओरडायचं राहिलं होतं का काही?"

"काका आहेत?"

"समुद्रावर गेलाय. जेवला नाही. आल्यापासून हात धुतोय, तीनदा धुतले. काय म्हणालीस तू त्याला?"

मी सांगितलं. पातेल्याचंही सांगितलं. तिची सुई थांबली.

"माझं पातेलं कशाला मधे आणलंस?"

"चुकलं माझं."

"हं. आणि आता?"

मी तिला सगळं सांगितलं. उद्याचं, इदालिनाबाईंचं, कापसाचं, कमानीचं. भुकटी चालणार नाही, एक चिमूटही नाही, चार तास हाताने सरकवावं लागेल आणि ते काकांशिवाय कुणाला जमणार नाही. बोलता बोलता मी दारासमोर फेऱ्या मारायला लागले होते.

"एका जागी उभी राहा, माझं डोकं गरगरतंय," देओलिंदा म्हणाली. "मला एक सांग. तू माफी मागायला आलीस की बोलवायला?"

"दोन्ही."

"आधी कशाला?"

तिने मला एकदा नीट बघून घेतलं आणि दोरा दातांनी तोडला.

"निरोप देते. येईल की नाही ते त्याचं तो बघेल. आणि एकोणतीस वर्षांचा हात एका रात्रीत सुधारतो असं समजू नकोस."

हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आले आणि त्याने मला रात्रभर छळलं.

शुक्रवारी सात वाजता मी फाटकाशी होते. सात वाजून पाच मिनिटांनी काका आले, अंगात तोच निळा कोट, खांद्यावर तुटक्या वल्ह्याचं पातं. माझ्याकडे न बघता त्यांनी फळ्यावरचं पत्रक वाचलं, ओठ हलवत. खाली मी रात्री एक ओळ वाढवली होती: याखेरीज दुसरं काहीही टाकू नये. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"काका, काल मी..."

"यंत्र गरम आहे ना, इंजिनीअरबाई?" ते म्हणाले आणि वर गेले.

इंजिनीअरबाई. पोरी नाही. माझी माफी मध्यावरच तोडून टाकल्यासारखं झालं.

मी ठरवलं होतं, चढायचं नाही. काल चढून काय केलं ते बघितलं होतं. पण खाली उभं राहून काही दिसत नाही. वल्हं हॉपरच्या पत्र्याला लागल्याचा टक टक आवाज येत होता. यंत्राच्या मोटारीचा काटा बघत मी उभी राहिले. काटा पडायला लागला की कापूस अडकला. तो पडायचा, मग टक टक, आणि काटा वर. वर आला की माझ्या मनात दुसरं सुरू. वल्ह्याने आला की मुठीने आला? भांडारातलं पोतं मी कुलपात घातलं होतं. पण खिसा? कालचा कोट, कालचा खिसा, त्यात कालची भुकटी. हात जाईल. सवयीने जाईल, त्यांना कळायच्या आत जाईल. नऊ वाजता काटा सलग चार वेळा पडला आणि एकदम सुरळीत झाला, इतका सुरळीत की मला ती मूठच दिसायला लागली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. मोल्डिंगवाला लांबून बघत होता. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा वरून खोकल्याचा आवाज आला आणि मी चोरासारखी मागे झाले.

मला राग येत होता. काकांचा, स्वतःचा, त्या एका ओळीचा. इतकं शिकून माझं सगळं भवितव्य एका म्हाताऱ्याच्या खिशात जाऊन बसलं होतं.

अकराला दाणा काढून झाला. शेजारच्या वर्कशॉपमध्ये क्रेट ओतले. सोबत एक पट्टीही ओतली, ती नखाने बघायची मला सोय होती, पण मी बघितली नाही. हिंमत झाली नाही.

इदालिनाबाई बाराच्या ठोक्याला आल्या. रबरी बूट, कानात सोन्याची कडी, मासळीच्या लिलावातून थेट. सोबत त्यांनी बर्फाच्या दोन पेट्या आणल्या होत्या.

"गार करा आधी," त्या म्हणाल्या. "उन्हात सगळेच मर्द असतात."

तासभर क्रेट बर्फात राहिले. तो तास कसा गेला ते विचारू नका. कॅन्टीनमध्ये शुक्रवारचा सुका मासा होता, मी काटे वेगळे केले आणि मासा तसाच ठेवला.

मग त्यांनी एक क्रेट उचलला, माल चढवायच्या ओट्यावर गेल्या आणि कोपरा खाली करून फरशीवर भिरकावला. क्रेट आपटला, उडाला, गडगडत माझ्या पायाशी आला. कोपरा थोडा पांढरा पडला होता. चीर नव्हती. दुसऱ्यात त्यांनी पंचवीस किलो बर्फ भरला आणि आमच्या दोघा माणसांकडून ओट्यावरून ढकलून घेतला. बर्फ सगळीकडे फुटला. क्रेट नाही. तिसरा त्यांनी स्वतः आपटला, चौथाही, तोंडाने काहीतरी पुटपुटत, कुणावर तरी राग काढावा तसा. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि पांढऱ्या पडलेल्या कोपऱ्यावर नख घासायला लागल्या.

"पापुद्रा निघत नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मिठाईच्या दुकानातल्या थरांच्या पेस्ट्रीसारखे निघत होते. काय बदललंत?"

रोजेरियोंचे दोन्ही पाय आत होते. "मी सांगतो ना! मिश्रण पहिल्यापासून बरोबरच होतं. चूक माणसाची होती, हॉपरवरचा आमचा..."

"चूक पत्रकाची होती," मी म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. इदालिनाबाईंनीही.

"काय टाकायचं ते मी लिहिलं होतं. काय टाकायचं नाही ते लिहिलं नव्हतं. कापूस अडकतो हे हॉपरवरच्या माणसाला माहीत होतं, मला नव्हतं. सहा आठवडे मी ड्रायर उघडला, भट्टी पेटवली, सगळं केलं. त्यांना विचारलं तेवढं नाही."

"म्हणजे चूक तुझी," इदालिनाबाई म्हणाल्या.

"माझी."

त्या उठल्या, गुडघे झटकले. "बरं. निदान कुणाची ते कळलं. रोजेरियो, मला पुढच्या महिन्यापासून हाच दाणा पाहिजे. आणि हाच दाणा म्हणजे हाच. करणारी माणसंही हीच."

रोजेरियोंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. "सोमवारी ऑफिसात ये, वानिया. तुझे कागद करून टाकू," ते म्हणाले, आणि सवयीने एक पाय दाराबाहेर ठेवला.

मला उडी मारावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं. दोन्ही न करता मी एक पट्टी खिशात टाकून कारखान्यात परत आले. यंत्र बंद होतं. शिडीच्या खाली मी उभी राहिले.

"वर या, इंजिनीअरबाई," आवाज आला. "आता काय, नियम मोडलेलाच आहे."

काका उलट्या बादलीवर बसले होते. वल्हं शेजारी टेकवलेलं. दोन्ही तळहातांवर फोड आले होते, एक फुटला होता.

"टिकला?"

"चारही टिकले."

"हं." त्यांनी मान हलवली.

"काका, काल जे बोलले ते मी बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नाहीच. मला शरम वाटते." एवढंच जमलं. रस्त्यावर जुळवलेल्या सात वाक्यांतलं एकही आठवलं नाही.

"ओरडलीस ते जाऊ दे. मी तर काल रात्री देओलिंदालाही ओरडलो," ते म्हणाले. "मी मुठी मोजत होतो गं. तीन आणि तीन आणि तीन. आपणच पोरीचा घास तोंडातून काढत होतो, आणि वर क्रूस करत होतो."

तेव्हा मला तो खिसा दिसला. कोटाच्या उजव्या खिशाचं तोंड बंद होतं. जाळ्याच्या जाड हिरव्या दोऱ्याने, जवळ जवळ टाके घालून, दोन्ही टोकांना कोळ्यांची गाठ मारून शिवून टाकलेलं.

"देओलिंदाने शिवला," काका म्हणाले. "मीच शिव म्हटलं. हाताचा भरवसा नव्हता. सकाळपासून चाळीसेकदा गेला असेल तिथे. प्रत्येक पोत्यामागे एकदा. आपटला की परत."

मी खाली उभी राहून चार तास काय काय विचार केले होते ते त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

"मग किल्ल्या कुठे ठेवता?" मी विचारलं.

"डाव्या खिशात. डावा हात शहाणा आहे, त्याला काही येत नाही." त्यांनी हात पुढे केला. "दाखव तुझी पट्टी, पोरी."

मी दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, अंगठ्याच्या नखाने खरवडली, मग पुन्हा, दात दाबून, सगळा जोर लावून. नख घसरलं. त्यांनी पट्टी वाकवली, ती वाकली, सोडली तशी हळूहळू सरळ झाली. मग बायकोला दाखवायला म्हणून ती ठेवायला त्यांचा हात उजव्या खिशाकडे गेला, टाक्यांवर अडला आणि तिथेच थांबला. त्यांनी पट्टी डाव्या हातात घेतली.